झोपलेली धामण

मला नीट लिहिता येत नाही, आणि त्याच्याविषयी लिहायचा हक्क तर मुळीच नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो.

पालमच्या बसस्टँडसमोर तो पंक्चर काढतो आणि कुणी बोलावलं तर साप धरतो. मार्गशीर्षात आमच्या कडब्याच्या गंजीखाली त्याने धामण धरली. बाबा म्हणाले, “लांब नेऊन सोड.”

“न्हाई दादा. थंडीत नव्या जागी बीळ सापडायचं न्हाई, मरंल ती. होळीपर्यंत झोपू द्या.”

तिला काही खायला घालू का, असं मी विचारलं.

“आता घातलं तर पोटातच कुजंल, कॉलेजवाले सायेब.”

मारणार नाही, असा बाबांचा शब्द घेऊन त्याने तिला त्याच बिळात सोडलं.

मग दर शनिवारी मी परभणीहून येऊन बसमधून उतरलो, की हातातलं टायर खाली ठेवून तो विचारायचा, “उठली का आपली बाई?”

“झोपलीय अजून,” मी सांगायचो.

खरं तर संक्रांतीलाच ती उन्हाला बाहेर आली होती, आणि बाबांनी तिला कुदळीने मारलं होतं.

होळीनंतर बाबा पंक्चर काढायला गेले आणि बोलता बोलता त्याला सांगून आले. घरी येऊन मला म्हणाले, “पोराला ठाऊक होतं का, एवढंच विचारलं त्यानं.”