रेवणआप्पानं काढलेला खांब

"आक्का, तुमी मुद्दाम केलं असं मी कुटं म्हणतो? पर गिरणी हादरती का न्हाई, सांगा. मपल्या गादीवर बसलं तरी बुडाला कळतंय."

"सासऱ्याच्या काळापून हादरतीय, रेवणआप्पा. तवा कावून न्हाई भेग पडली?" वत्सलाबाईनं पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या. "का भिताडाला बी माणूस वळखू यायलंय? बाई दिसली की फाटायचं?"

रेवणसिद्ध हसला. हसल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली. वत्सलाबाईची पिठाची गिरणी त्याच्या कापडाच्या दुकानाला लागून, मधी एकच भिंत. त्या भिंतीवर टेकलेली कमान तडकली होती. गिरणीमुळं तडकली म्हणून बाईनं आज संध्याकाळपर्यंत जागा सोडायची होती. अन् भेग कशानं पडली, हे रेवणसिद्धाला पक्कं ठाऊक होतं.

माजलगावच्या जुन्या पेठेतली ही बारा कमानींची इमारत निजामाच्या राज्यात एका कापसाच्या आडत्यानं बांधली. खाली काळा घडीव दगड, वर भाजलेली वीट, सांध्याला चुना. पुढं ओसरी. प्रत्येक कमानीआड एक दुकान अन् दुकानात मधोमध सागाचा खांब, दगडी उथळ्यावर उभा. खांबाच्या डोक्यावर तुळई, तुळईवर वरचा मजला. कापूस साठवायचा म्हणून असलं दणकट काम. पुढं आडत बुडाली, धरण झालं, ऊस आला, अन् एकेक दुकान विकलं गेलं. कमानींवर वाढदिवसाचे बॅनर चढले. वरचा मजला अन् भाड्यानं दिलेली गिरणीची जागा तेवढी मूळ मालकाच्या घरातल्या विजयसिंहांकडं राहिली.

रेवणसिद्धाच्या दुकानातला खांब मात्र गिऱ्हाइकाच्या आड यायचा. लग्नाच्या बस्त्याला पंधरा-वीस माणसं येणार. निम्मी खांबाच्या अलीकडं, निम्मी पलीकडं. एकदा नवरीची आत्या खांबाआड बसली, "मला एक लुगडं दावलं न्हाई" म्हणून रुसली, अन् अख्खा बस्ता समोरच्या दुकानात गेला. त्याच रात्री त्यानं ठरवलं, खांब काढायचा.

सटवा गवंड्यानं खांबावर थाप मारली. "आप्पा, काढू. पर त्याच्या जागी तुळईखाली लोखंडी गर्डर घालून तिला खालून दगडी बैठक करावी लागंल. पंधरा दिवस दुकान बंद."

"लगीनसराईत? येडा का खुळा तू? ठिव तशीच भिताडावर."

सटवानं गर्डर गिरणीच्या भिंतीतल्या जुन्या विटांवर ठेवली. खालून पीओपीचं छत मारलं, दिवे लावले. दुकान कसं मंगल कार्यालयासारखं मोकळं झालं. वर्ष सरायच्या आत भिंत खचली, कमानीच्या माथ्याचा दगड सरकला, अन् भेग वर चढत गेली. दुकानदार खाली जमून माना वर करून बघत होते. पीठ उडतं म्हणून सगळेच गिरणीवर खार खाऊन. तरी गिरणीचं नाव पहिल्यांदा कुणी काढलं? रेवणसिद्धानंच. एवढा एक शब्द तोंडातून गेला, तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

दुपारी वरच्या मजल्यावर बैठक बसली. विजयसिंह म्हणाले, "बाई, मशीन उचला. उद्या कोण मेलं तर जिम्मा कुणाचा?"

"उचलते की. कुटं ठिवू? डोक्यावर घिऊन फिरू का गावभर?"

रेवणसिद्ध उठला. "दादा, कसूर मपला हाय. म्या दुकानातला खांब काढलाय. गर्डर आक्काच्या भिताडावर टेकलीय."

भांड्याच्या दुकानाचा केदारनाथ त्याचा सदरा ओढत कुजबुजला, "बस की बे! मी बी काढलाय. आता समद्यांचे खांब मोजायला लावतो का?"

विजयसिंह गालात हसले. "बसा आप्पा. तुमाला कुणी इचारलं? गिरणीच्या जागेला मोबाईलच्या दुकानवाला भाडेकरू ठरलाय."

वत्सलाबाई त्याच्याकडं बघत होती. "मंजी सकाळी मपल्या तोंडावर लबाड बोललात."

"व्हय."

"अन् आता खरं बोलून काय दिवे लावले? ऐकतंय कोण?"

ते मात्र त्याला लागलं. तो खाली आला. दुकानात शिरूर कासारचं एक घर बस्त्याला बसलं होतं. "पावणं, जरा ओसरीत बसा," म्हणून त्यानं सगळ्यांना बाहेर काढलं, टांगलेल्या साड्या काढायची आकडी उचलली अन् छतात घातली. पीओपीची पहिली पाटी धाडकन पडली, मग दुसरी. धुरळा रस्त्यापर्यंत गेला. वर गर्डर मधोमध वाकलेली, तुळई तिच्यावर बसलेली, अन् भिंतीकडच्या टोकाखाली विटांचा भुगा.

माणसं गोळा झाली. कुणी मोबाईल वर धरले. विजयसिंह जिना उतरून आले, गर्दी बघितली, वर बघितलं. एवढ्या माणसांदेखत आता गिरणीचं नाव घेता येईना. "बाई राहू द्या सध्या," ते गर्दीकडं बघत म्हणाले, अन् रेवणसिद्धाला दबक्या आवाजात, "सराई गेली तुमची, आप्पा. कुलूप घाला."

वत्सलाबाईनं विटांच्या भुग्यात बोट घालून बघितलं. थँक्यू नाही, शिवी नाही. "टेकू लागस्तोर मी बी गिरणी बंद ठिवते. जीव मला बी हाय." जोंधळ्याचे डबे घेऊन आलेल्या दोघी बाया तिनं माघारी लावल्या. तिच्या बुडालेल्या धंद्याकडं रेवणसिद्धाला बघवेना. त्यानं सटवाला फोन लावला. "टेकूला लाकडी बल्ल्या घिऊन ये. अन् औंदा दगडी बैठक कर, कितीबी दिवस लागू दी."

ओसरीतून नवरीच्या आईनं हाक मारली. "आवं, साड्या दावता का जाऊ समोर?"

"आलो, आलो." त्यानं दाराजवळचा गठ्ठा उचलून बाहेर नेला, भेगेपासून लांबच्या दगडी ओट्यावर फडकं अंथरलं, अन् पहिली साडी उलगडून धरली. "हिरवी बगा. काठ लई दमदार हाय."