सुरतेहून सहा मिनिटं

मी आयुष्यात काय काय घोळ घातलेत, ते विचारूच नका! पण चहा संपेपर्यंत एकच सांगायचा म्हटलं तर हा सांगते. हसू आलं तिथे मोकळेपणी हसा. मलाही सांगताना हसू येतं. फक्त शेवटाकडे जरा कमी येतं.

तर, मी शिकले दिल्लीत, मग दोन वर्षं परदेशात. विषय ग्रामविकास. म्हणजे गावापासून लांब राहून मी सात-आठ वर्षं गावाचाच अभ्यास केला! परत आले ती पेटूनच. आमचं गाव यावल तालुक्यात, चारी बाजूंनी केळीच केळी. बसमधून उतरल्या उतरल्या मला सगळीकडे शोषण दिसायला लागलं. दूधवाल्यात दिसलं, रिक्षावाल्यात दिसलं, आमच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीतसुद्धा दिसलं. आई म्हणाली, "आधी आंघोळ कर."

आंघोळ केली आणि तडक गेले मंगला अक्काकडे.

मंगला अक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या बारा बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. या बायका उन्हाळ्यात बिबडे करतात. बिबडे माहीत नसतील तर तुमचं दुर्दैव, पण सांगते. ज्वारीच्या भरडीचा घाटा शिजवायचा, पहाटे गच्चीवर ओल्या धोतरावर एकेक गोल थापायचा आणि दिवसभर कडक उन्हात वाळवायचा. ज्वारीचा पापडच तो, पण पापड म्हटलं तर अक्का रागावते. आणि दरवर्षी चैत्र संपता संपता धुळ्याचे नाना टेम्पो घेऊन यायचे. त्यांचं पापड-कुरडयांचं दुकान. ओट्यावर बसून वाटीभर गरम घाटा तेल घालून खायचे आणि सगळा माल घेऊन जायचे. ना कागद, ना सही. कित्येक वर्षं हे असंच चाललेलं.

"म्हणजे हे नाना दलालच की!" मी म्हणाले.

"दलाल कायचे वं?" अक्का म्हणाली. "नाना हायेत ते."

पण मी ऐकणार होय! आठवडाभरात मी वेबसाइट उभी केली. पहिल्याच पानावर माझा लेख, 'बिबडे : स्त्रियांच्या अदृश्य श्रमाचा इतिहास'. त्याच्या खाली गच्चीवरचे फोटो, अक्काचा फोन नंबर आणि ऑर्डरचं हिरवं बटण. आणि या सगळ्यामागे, फक्त मला दिसणारा, तो डॅशबोर्ड!

काय सांगू त्या डॅशबोर्डचं कौतुक! किती लोक आले, कुठून आले, किती वेळ थांबले, पुन्हा आले का, सगळं तिथे. पहिल्या दिवशी फोनवर उघडला तर लिहिलेलं, 'आत्ता साइटवर : एक'. मी ओरडले! आईला बोलावलं. लॅपटॉपवर साइट उघडून दाखवायला गेले तर आकडा दोन झाला. मी दुप्पट ओरडले. दोन्ही मीच होते, हे कळायला मला तो अख्खा दिवस लागला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. झाले ना! स्वतःला त्या मोजणीतून वगळायची सेटिंग शोधून काढली. आणि हेच नडलं. आता माझे आकडे धुतल्या तांदळासारखे स्वच्छ आहेत, असं मला वाटायला लागलं.

पंधरा दिवसांत आकडे असे चढले की मी बायकांची सभाच बोलावली. लॅपटॉप ओट्यावर ठेवला.

"हे बघा, हे युजर्स. म्हणजे आपल्या दारात आलेली माणसं. आणि हा बाऊन्स रेट. म्हणजे उंबऱ्यावरून डोकावून परत जाणारे किती."

"आणि च्या पिऊन जाणारे कुठी दिसतात?" शेवंता काकूने विचारलं. गटातली सगळ्यात तिखट जीभ तिची.

"तेच तर सांगतेय काकू! आपल्याकडे डोकावून जाणारे जवळजवळ नाहीतच. आत येतात, फोटो बघतात, पुढचा फोटो बघतात. सरासरी सहा मिनिटं थांबतात! लोक कुठल्याही साइटवर क्षणभर थांबत नाहीत, आणि आपल्याकडे सहा मिनिटं!"

"कुठले लोक म्हनायचे?"

"सगळ्यात जास्त सुरतेचे. मग उल्हासनगर, नाशिक, पिंपरी. आणि एकदा येऊन गेलेले पुन्हा पुन्हा येतात. एवढी मोठी बाजारपेठ आपली वाट बघतेय!"

अक्का चष्म्यातून बराच वेळ त्या आलेखाकडे बघत राहिली. "मंग नानाले काय सांगायचं?"

"नाही म्हणायचं. या वर्षी मध्ये कोणी नको."

"माले काय समजते त्यातलं," अक्का हळूच म्हणाली. "तू शिकेल हाये. तू सांगती तर खरंच असंन."

हे वाक्य मला अजून टोचतं. पण तेव्हा? तेव्हा मी फुलून आले होते. नानांना फोन करायचा अक्काला धीर होईना, म्हणून तो मीच केला. आणि बोलले काय, तर, "नाना, आमचा गट आता मध्यस्थमुक्त झाला आहे." असं कोणी बोलतं का हो माणसाशी?

मग नाना म्हणाले, "बरं बेटा. तुमना माल शे, तुम्हीच ठरावा. अक्काले नमस्कार सांग."

त्या वर्षी बायकांनी कधी केले नव्हते एवढे बिबडे केले. अक्काची गच्ची भरली, शेजारची भरली, शाळेची मागून घेतली. डबे कमी पडले तेव्हा धान्याच्या कोठ्या रिकाम्या केल्या. मी रोज सकाळी गच्चीवर जाऊन आकडे वाचून दाखवायचे आणि बायका थापता थापता ऐकायच्या.

डॅशबोर्डवर अजून एक रकाना होता. आलेल्यांपैकी किती जणांनी खरंच मागणी नोंदवली, त्याचा. त्यात शून्य होतं. ते दिसत नव्हतं असं नाही हं. दिसत होतं! पण त्याच्यामुळे आलेख फार बिघडायचा, म्हणून मी तो रकाना लपवून ठेवला होता.

मग एका दुपारी अक्काचा फोन वाजला. सुरतेहून! मी झडप घातली, स्पीकर लावला, बायकांना गप्प बसवलं.

"हॅलो, अक्का? मी सुमन! वेबसाइट पाह्यली वं! रोज पाह्यते. आई वाळली काय वं? मी फोटो बोटांनी मोठ्ठा करून पाह्यला. आन् मांगं दोरीवर तिचं जांभळं लुगडं हाये ना, ते अजून हाये?"

सुमन म्हणजे शेवंता काकूची मोठी लेक. काकू पदराने हात पुसत फोनजवळ सरकली.

"बिबडे लई झ्याक दिसू राह्यले," सुमन म्हणाली. "माझा वाटा ठेवजो. आन् धाकटीचाबी."

मी मध्येच घुसले. "ताई, ऑर्डरचं हिरवं बटण दाबलंत का?"

"कोन बोलू राह्यलं?"

"मी. वेबसाइटवाली."

"बटन? माहेरी काय बटन दाबून मांगू का मी?"

त्यानंतर फोनची जी रांग लागली! उल्हासनगरहून अक्काची पुतणी. नाशिकहून पाटलांची कमल. पिंपरीहून दोघी बहिणी, एकाच फोनवर, एकदम. कोणी विचारत होतं, कडुनिंब का तोडला? कोणाला फोटोत आपली शाळेतली पिवळी बादली सापडली होती. आणि प्रत्येकीचं शेवटचं वाक्य एकच, "माझा वाटा ठेवजो!"

त्या संध्याकाळी मी डॅशबोर्ड पुन्हा उघडला आणि गावांची यादी वाचली. सुरत, उल्हासनगर, नाशिक, पिंपरी. जिथे जिथे आमच्या गावच्या लेकी दिल्या होत्या, तिथे तिथे आकडा होता. आकडे खोटे नव्हते हो! एकूण एक खरे होते. सहा मिनिटं खरी होती, पुन्हा पुन्हा येणंही खरं होतं. फोटो मोठा करून त्या आई शोधत होत्या, आणि मी त्याला बाजारपेठ म्हणत होते.

तरी माझी खुमखुमी बघा. दुसऱ्या दिवशी मी अक्काला म्हणाले, "अक्का, निदान सवलतीच्या दरात..."

अक्का तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर रागावली. "लेकीले तोलून देऊ?"

सुरतेला जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात गाठोडी गेली. गाठोडी संपली, लेकीही संपल्या. कोठ्या मात्र भरलेल्याच.

मग मी आणि अक्का जळगावहून बस बदलून धुळ्याला गेलो. अख्ख्या प्रवासात अक्का मला एका शब्दाने बोलली नाही. पारोळ्याला मात्र भजी घेतली आणि निम्मी माझ्या पुढे केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नानांनी चहा मागवला, अक्काची विचारपूस केली. मी माफी मागितली. भाषणासारखी होऊ नये म्हणून फार प्रयत्न केला, तरी थोडी झालीच.

"बेटा," नाना म्हणाले, "हाई दुकान देख. जो दोन तास बठस, चहा पेस, घरनी चौकशी करस, तो काई लेस नही. लेनारा चप्पलबी काढस नही."

बसणारा वेगळा आणि विकत घेणारा वेगळा, हे कळायला मला डॅशबोर्डचे चार रकाने लागले, ते नाना गल्ल्यावर बसून रोज बघत होते.

पण खरी गोष्ट पुढे होती. माझा नकाराचा फोन आल्यावर नानांनी शिरपूरकडच्या एका गटाला शब्द दिला होता. त्या शब्दावर त्या बायकांनी नवी चक्की घेतली होती. आमचा माल या वर्षी नाही, पुढेही नाही, आता त्यांचाच. नाना चाचरत म्हणाले, "अक्का, तुमी सांगा. त्यास्ले नही म्हनू का?"

एका 'हो'ने सगळं निस्तरणार होतं!

"नको नाना," अक्का म्हणाली. "तथीबी बायाच असतीन."

नानांनी चार डबे ठेवून घेतले, तेही आग्रहाने. बाकीचे आम्ही आठवडे बाजारात पाट मांडून विकले, पावसाळाभर. हवेने बिबडे सादळले, मऊ पडले, काही गुरांपुढे गेले. बारातल्या पाच बायकांनी गट सोडला. त्या आता केळीच्या पॅकिंगला जातात, उभ्या उभ्या दिवसभर. शेवंता काकूही त्यांच्यातलीच. सकाळी गच्चीवर आता कोणी तिखट बोलत नाही. रस्त्यात भेटली की ती मला अजून विचारते, "काय वं, सुरतवाले काय म्हनतात?" ती हसते. मीही हसते. पण मी डोळ्यांत बघून हसू शकत नाही.

वेबसाइट अजून आहे. माझा लेख काढून टाकला, तो आजवर कोणी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता, हेही डॅशबोर्डनेच सांगितलं. बटणही काढलं. फोटो मात्र दर आठवड्याला नवे टाकते. आणि या उन्हाळ्यात अक्काला म्हणाले, मला थापायला शिकव. तिने गच्चीचा एक कोपरा दिला. माझे बिबडे मध्ये जाड, कडेला फाटके, आणि गोल तर एकही नाही.

मे महिन्यात सुमन माहेरपणाला आली. जायच्या दिवशी अक्काने तिचं गाठोडं बांधून समोर ठेवलं. सुमनने ते सोडलं, वरचे चार बिबडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "हे कोनं थापले वं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

सुमन फार समजूतदार. माझे सगळे बिबडे एकेक करून वेचून काढले, खाटेवर नीट रचले, गाठोडं पुन्हा बांधलं. आणि निघताना माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

"राहू दे. तुलेच लागतीन."

फुकट होते हो!