मान हलवून दिलेलं उत्तर

अमावस्येला आमच्या तालुक्यातली गरोदर बाई उंबरा ओलांडत नाही. मग दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात अशी झुंबड उडते, की डॉक्टर नीलांबिका अंगडी यांना खुर्चीला पाठ टेकायलाही सवड मिळत नाही. बाई निवृत्तीला आलेल्या. लग्न केलं नाही, कुणी विचारलंच तर म्हणत, "वेळ कुणी दिला?" वर्षानुवर्षं पोटं चाचपून उजवा अंगठा आखडलेला, गुडघे गेलेले. दुपारचं चुरमुऱ्यांचं गिरमिट डब्यात मऊ पडून जायचं, आणि त्या ते तसंच, उभ्याउभ्या खायच्या.

हात ठेवला की बाळाचं डोकं कुठं, पाठ कुठं हे त्यांना कळायचं. त्याचा शीण नव्हता. शीण होता तो प्रश्न विचारण्याचा. कारण प्रश्न सुनेला असायचा आणि उत्तर सासूचं यायचं. "पाळी कधी चुकली?" सासू सांगणार, "बनशंकरीची जत्रा झाली आणि लगेच." "चक्कर येते का?" सासू, "छे हो, चांगल्या तीन भाकऱ्या खाते." एकदा वैतागून बाई एका सासूला म्हणाल्या, "अव्वा, मग तुम्हीच चढा टेबलावर, तुम्हालाच तपासते." तर ती माउली खरंच चपला काढायला लागली! हसून हसून मेहरुन्निसा सिस्टरच्या हातून रक्तदाबाचं यंत्र पडायचं राहिलं.

अशाच एका अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी निंगव्वा आपल्या सुनेला, शिवलीलेला, घेऊन आली. पोरीच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. सातवा संपत आलेला.

"कितवी खेप?" बाईंनी न बघताच विचारलं.

"पहिली की, डॉक्टरअव्वा," निंगव्वा म्हणाली. "बांगड्या दिसत नाहीत? परवाच भरल्या. उद्या माहेरी चालली, नदीपलीकडं. तिथली सुईण हाताला गुणी आहे."

शिवलीला टेबलावर आडवी झाली. बाईंनी पापणी खाली ओढली, आतून फिकट. पोटावर हात ठेवला. बाळ नीट, ठोके नीट. आणि हात उचलता उचलता त्यांना ते व्रण दिसले. पोट ताणतं तेव्हा कातडीवर रेघा उमटतात. नव्या लालसर, जुन्या चांदीसारख्या पांढऱ्या. या पोरीच्या पोटावर दोन्ही होत्या. पोट आधीही एकदा असंच भरलं होतं, आणि सासूच्या म्हणण्याप्रमाणं घरात लेकरू नव्हतं.

बाईंनी डोळे मिटले. बाहेर बाकावर बायकांचा कलकलाट चाललेला. निंगव्वाच्या गावची रीत त्यांना ठाऊक होती. पहिलं मूल गेलं, की दुसरं सुखरूप हाती येईपर्यंत त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. दुसऱ्या वेळी पुन्हा पहिलटकरणीसारख्या बांगड्या भरायच्या, पुन्हा ओटी, पुन्हा माहेर. म्हणजे वाईट नजर फसते. नजर फसो न फसो, डॉक्टर हमखास फसतात.

"अव्वा, आधीचं काय झालं?"

निंगव्वाचा चेहरा दगडासारखा झाला. "पहिली आहे म्हटलं ना! भरल्या पोटी काय बोलायला लावता? उद्या काही झालं तर तुम्ही येणार का निस्तरायला?"

"मीच येते. नेहमी मीच येते," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. मग टेबलाच्या कडेला जरा टेकल्या. "बरं, बोलू नका. तोंडानं सांगायची बंदी आहे ना? मान हलवायची तर नाही?"

असा प्रश्न त्यांच्या गावात कुणी कधी काढलाच नव्हता. "मानेबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही," निंगव्वा म्हणाली.

बाई शिवलीलेकडं वळल्या. "पोरी, त्या वेळी बाळ आल्यावर रक्त थांबेना?"

शिवलीलेनं छताकडं बघत होकारार्थी मान हलवली. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं.

"शुद्ध गेली होती?"

पुन्हा मान हलली.

"बाहेरचं रक्त चढवावं लागलं? किती बाटल्या?"

पोरीला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात निंगव्वानं पदराखालून दोन बोटं बाहेर काढली आणि चटकन आत घेतली. "मी काही बोलले नाही हं."

"नाही बोललात," बाई म्हणाल्या. "पण आता ऐका. असं एकदा झालं की पुन्हा होण्याची भीती असते. सुईण कितीही गुणी असली तरी तिच्याकडं रक्त नाही. गदगच्या मोठ्या दवाखान्यातच बाळंतपण व्हायला हवं."

"पहिलटकरणीनं माहेर सोडलं तर सगळं उघडं नाही का पडणार?"

"मग माहेरच गदगला न्या. तिची आई असेल तिथं माहेर."

निंगव्वानं सुनेच्या हातातल्या बांगड्या चाचपून पाहिल्या. मग मोठ्यानं म्हणाली, "विहीणबाईंची बहीण असते तिथं. खोली मिळेल. पण विहीणबाईंना येताना चूल आणायला सांगते. चुलीशिवाय कसलं माहेर?"

जातील की नाही, बाईंना खात्री नव्हती. अशा कितीजणी हो म्हणून गेल्या आणि नदी ओलांडून मोकळ्या झाल्या. मेहरुन्निसा सिस्टर दोनदा निंगव्वाच्या घरी जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा घराला कुलूप होतं. घरची माणसं गदगच्या वाटेनं गेली की नदीच्या, हे शेजारच्यांनाही सांगता येईना.

पुढं एका अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, तशाच गर्दीत, निंगव्वा एकटीच आत घुसली. गदगला मुलगी झाली होती. रक्त गेलं, पण चढवायला हाताशी होतं. शिवलीला उठून बसत होती.

"आता तोंड मोकळं झालं, डॉक्टरअव्वा," निंगव्वा म्हणाली आणि समोरच्या स्टुलावर बसली. "आमचा पहिला नातू होता. नाकानं माझ्या मालकांसारखा. एकदाच रडला. त्याचं नाव मी मनात ठरवलं होतं…"

बाहेर बायका खोळंबल्या होत्या. सिस्टर दारातून खुणा करत होती. बाईंचे गुडघे ठणकत होते. त्यांनी हातानंच दार लोटायला सांगितलं आणि म्हणाल्या, "काय ठरवलं होतं?"