हजेरीवरचे कंत्राटदार

ग्राइंडरची डिस्क फुटल्याचा आवाज तसा मोठा नसतो. वाळलेली काडी मोडावी एवढाच. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो आला तेव्हा मी केबिनमध्ये एका डॉक्टरांशी फोनवर बोलत होते. मान वर केली ती आवाजामुळे नव्हे, त्यानंतर सगळ्या मोटरी एकदम बंद झाल्या म्हणून.

बिबवेवाडीत माझी दातांची लॅब आहे. दवाखान्यातून मापं येतात, त्यावरून आम्ही कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून देतो. तेव्हा माझ्याकडे अकरा जण कामाला होते. सिरॅमिकच्या टेबलावर काका बसायचे. ते माझे सख्खे काका नव्हेत. मी विसाव्या वर्षी ज्या लॅबमध्ये शिकायला लागले, तिथले ते सगळ्यात जुने कारागीर. दाताचा रंग टोकाकडे कसा विरळ होत जातो, हे त्यांनी मला ब्रश हातात धरून शिकवलं होतं. स्वतःची लॅब काढली तेव्हा सगळ्यात आधी मी त्यांनाच विचारलं होतं आणि ते आले होते.

काका डोळ्यावर हात दाबून खुर्चीत वाकले होते. बोटांच्या फटीतून पातळ रक्त येत होतं. "काही नाही, रिक्षा बोलव," एवढंच म्हणाले.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "कामावर असताना लागलं का? कामगार विम्याचं, ईएसआयचं कार्ड आहे?"

"नाही," मी म्हणाले. "ते आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर असतात."

काका माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. त्या बाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायचा मला धीर झाला नाही.

हे कॉन्ट्रॅक्ट प्रकरण चार वर्षांपूर्वीचं. लॅब वाढत होती. आमचे एक सल्लागार होते. त्यांनी सांगितलं, "मॅडम, दहा माणसं झाली की कामगार विमा लागतो, मग तपासण्या, रजिस्टरं. चौघांना पगारावर ठेवा, बाकीच्यांना प्रोफेशनल करा. सगळे असंच करतात." प्रोफेशनल म्हणजे करारावर सही घ्यायची, पगाराऐवजी फी द्यायची आणि त्यातून टीडीएस कापायचा. कर वेळेवर भरतोय म्हणजे आपण कायद्यात बसतोय, अशी माझी पक्की समजूत होती. माणसं मात्र बिचकली. तेव्हा मी काकांना गाठलं. म्हटलं, तुम्ही आधी सही केलीत तर बाकीचे करतील. "कुठे करायची?" त्यांनी विचारलं. कागद वाचलासुद्धा नाही. मग बाकीच्या सहा जणांनी सह्या केल्या.

करार एक वर्षाचा होता. तो संपला आणि पुढे कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. घरून डिझाइन करून देणारा एक जण सोडला तर बाकी सगळ्यांचं पूर्वीसारखंच चालू राहिलं. साडेनऊला यायचं, दारातल्या मशीनवर अंगठा लावायचा, सुट्टी हवी तर मला विचारायचं. दर महिन्याला प्रत्येकाच्या नावाचं बिल आमच्याच कॉम्प्युटरवर टाइप व्हायचं आणि ते सही करून आम्हालाच द्यायचे.

काकांच्या डोळ्याचं पहिलं ऑपरेशन झालं. आठवडाभराने डॉक्टरांनी दुसरं सांगितलं. त्या दिवशी काकू लॅबमध्ये आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"अहो, विम्याचं काय ते सांगा. एवढी वर्षं कामावर आहेत, काहीतरी असेलच ना?"

"बघते मी," मी म्हणाले. ऑपरेशनचा खर्च मी करत होते, पण तो उपकार केल्यासारखा. त्यांचा तो हक्क होता, हे मान्य करायची माझी तयारी नव्हती. काकूंनी ते ओळखलं असावं. "मी कामगार कार्यालयात अर्ज देणार आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला न सांगता दिला असं नको व्हायला, म्हणून आले."

त्या गेल्यावर मी सल्लागारांना बोलावलं. त्यांनी फाइल चाळली आणि चष्मा काढून ठेवला.

"करार तीन वर्षं रिन्यू नाही? आणि हे थंब मशीन? मॅडम, कंत्राटदार थंब लावतो का कधी? हे आजच्या आज काढा. मी मागच्या तारखांचे तीन करार करून देतो. अर्ज जायच्या आत तुम्ही त्यांची सही आणा. तुमचं ऐकतील ते."

मशीन मी काढलं नाही. विचार करून नव्हे, इलेक्ट्रिशियन त्या दिवशी आला नाही म्हणून. करार मात्र दुसऱ्या दिवशी पर्समध्ये घातले आणि कसबा पेठेत काकांच्या घरी गेले. गाडी बाहेर लावून गल्ली चालले. मनात वाक्यं जुळवत होते. फक्त फॉर्मॅलिटी आहे काका. तुमचं काही नुकसान नाही काका.

काका कॉटवर बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यालाही ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकू दारात उभ्या राहिल्या. मी कागद पुढे केले.

"मला वाचता येणार नाही," काका म्हणाले. "तूच वाच. गेल्या वेळी वाचला नव्हता, या वेळी ऐकतो तरी."

माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मी वाचायला लागले. "मी स्वतंत्र व्यावसायिक असून माझ्या सोयीच्या वेळेनुसार काम करीन."

"सोयीच्या," काका म्हणाले. "मागे नातीच्या शाळेत जायचं होतं तेव्हा तू दोन तासांची सोय दिली नाहीस. चालू दे."

"काम करण्यासाठी लागणारी साधने माझ्या मालकीची असतील."

"सिरॅमिकची भट्टी घेऊन जातो मग घरी."

काकू हसल्या नाहीत. मीही नाही. पुढचं वाक्य मला आधीच दिसलं होतं. ते गाळावं असं क्षणभर वाटलं. पण काकूंची नजर कागदावर होती. "सुरक्षेचा चष्मा व इतर साधने मी स्वखर्चाने आणून वापरीन. त्याअभावी झालेल्या इजेस सर्वस्वी मी जबाबदार राहीन."

अपघाताच्या पंधरा दिवस आधी काका केबिनमध्ये आले होते. चष्म्याच्या काचा इतक्या ओरखडल्यात की काम दिसत नाही, तो काढून बसावं लागतं, नवे मागव, असं म्हणाले होते. मागवते, मी म्हणाले होते. मग ते राहून गेलं.

"सही कुठे करायची ते सांग," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"नको," मी म्हणाले. कागद पर्समध्ये कोंबले आणि उठले. चांगुलपणा म्हणून नव्हे. ते वाक्य पुन्हा वाचायची वेळ माझ्यावर कुठे तरी, कुणासमोर तरी येईल, याची मला भीती वाटली. हे मी आज सांगू शकते. त्या दिवशी मी स्वतःला बरंच थोर समजत गल्लीतून बाहेर आले.

काकूंनी अर्ज दिला. नोटीस आली. सुनावणीपर्यंतचे सहा आठवडे मी पोस्टमनला घाबरत होते. लॅबमध्ये मी गेले की बोलणं थांबायचं. एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, मला काही झालं तर?" मी तिला हातातल्या कामाचं विचारलं.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या होत्या. समोर काका काळा चष्मा लावून बसले होते, शेजारी काकू. माझ्या बाजूला सल्लागार. त्यांनी आधीच बजावलं होतं, 'आठवत नाही' म्हणायचं.

"हे किती वाजता यायचे?" बाईंनी मला विचारलं.

टेबलाखाली सल्लागारांचा बूट माझ्या चपलेला लागला.

"साडेनऊला," मी म्हणाले.

"उशीर झाला तर?"

"आम्ही अर्धा दिवस कापायचो."

"स्वतःऐवजी दुसऱ्या कुणाला कामाला पाठवू शकत होते?"

"नाही."

"दुसऱ्या लॅबचं काम घ्यायची मोकळीक होती?"

"नाही. मी घेऊ दिलं नसतं."

"साधनं कुणाची?"

"माझी. चष्मेसुद्धा. नवे मागवायचे राहिले होते."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "मग कंत्राटदार कशावरून, सांगा ना."

"कागदावरून," मी म्हणाले.

"कागद तर कुणीही टाइप करतं हो," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लिहायला लागल्या.

बाहेर आल्यावर सल्लागार माझी वाट न बघता निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाइल परत पाठवली.

निकाल काकांच्या बाजूने लागला. ते माझे कामगार होते आणि इजा कामावर झाली होती, असं त्यात स्पष्ट होतं. भरपाई मी भरली. विम्याची नोंदणी मागच्या तारखेपासून करावी लागली, थकबाकी आणि दंडासकट. त्यासाठी कॅप बनवायचं नवं मशीन घ्यायचं रद्द केलं आणि दोन वर्षं हात आखडून चालवलं. नवीन सल्लागार बाईंनी एकेकाला समोर बसवून तेच प्रश्न विचारले. काका सोडून उरलेल्या सहांपैकी पाच जण माझे कामगार निघाले. सहावा कॉम्प्युटरवर डिझाइन करून देणारा. तो घरून, स्वतःच्या मशीनवर, आणखी तीन लॅबची कामं करायचा आणि भाव स्वतः ठरवायचा. "हा खरा कंत्राटदार," बाई म्हणाल्या. त्याचा करार नव्याने केला, दर वर्षी होतो. पाच जणांना नियुक्तीपत्रं दिली. त्यातला एक महिन्याभरात सोडून गेला. पगारातून विम्याची वर्गणी कापलेली त्याला नको होती. मी त्याला समजावत बसले, पण त्याचा माझ्यावर विश्वास उरला नव्हता.

काकांच्या डाव्या डोळ्याला उजेड आणि आकार कळतात, रंगाच्या छटा कळत नाहीत. सिरॅमिकचं काम त्यांच्याकडून होणार नाही. मी फोन केला. म्हटलं, मापं तपासायला या, नवीन मुलांना शिकवा, पगार तोच राहील.

"आपण विचारलंत, बरं वाटलं," ते म्हणाले. वीस वर्षांत ते मला पहिल्यांदा 'आपण' म्हणत होते. "पण नको."

पलीकडे काकूंचा आवाज आला, जेवायला बोलावत होत्या. "ठेवतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.