सासऱ्यांच्या बोटीचा थर्ड पार्टी

मी माणदेशातला. आमच्याकडे पाणी टँकरमधून येतं आणि टँकरात पोहायला कुणी शिकत नाही. तरी लग्न केलं ते खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या मुलीशी आणि संसार थाटला कोपरखैरण्यात. स्वभाव मुळातच भित्रा, त्यामुळे विमा मात्र सगळ्याचा. माझा, बायकोचा, गाडीचा, फ्लॅटचा. मिक्सरचीसुद्धा वॉरंटी मी वाढवून घेतलेली आहे. म्हणून सासऱ्यांच्या बोटीला विमा हवा असं निघालं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बोट लाकडी, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची. गुडघे गेल्यावर सासऱ्यांनी मासेमारी सोडली, तेव्हापासून ती धक्क्याशेजारच्या मोकळ्या जागेत टेकूंवर उभी होती. यंदा त्यांनी मनावर घेतलं. कुजलेल्या फळ्या काढायच्या, नव्या बसवायच्या, फटींत कापूस ठोकून डांबर भरायचं आणि एकदा तरी तिला पाण्यात न्यायची. "मी हाय तवर," एवढंच ते म्हणाले.

तेवढ्यात धक्का सुधारला. पेव्हर ब्लॉक आले, बाकडी आली आणि टॉवरमधली मंडळी सकाळी चालायला येऊ लागली. त्यांना बोटीसोबत फोटोही हवे होते आणि ती अंगावर पडेल ही भीतीही वाटत होती. तक्रार गेली. धक्का सांभाळणाऱ्या समितीने सांगितलं, बोट कुणावर पडली तर भरपाई देणारा थर्ड पार्टी विमा आणा, नाहीतर गणपतीच्या आत ती हलवा. हलवायची म्हणजे फोडायची, कारण अर्ध्या फळ्या काढलेली बोट उचलली असती तर तिथेच तिचं सरपण झालं असतं.

मी कामाला लागलो. पहिली विमा कंपनी म्हणाली, पाण्यात नाही ती बोट नाही. दुसरी म्हणाली, मग गोदामातला माल समजू, पण गोदाम कुठे आहे? तिसरी तयार झाली. दुरुस्तीतल्या बोटीची पॉलिसी देऊ, फक्त आमचा माणूस येऊन पाहून जाईल.

"साहेब बोट बघायला येणार आहेत," एवढंच मी सासरी फोनवर कळवलं आणि तिथेच घोळ झाला. कोळीवाड्यात कुणी काही बघायला येणार म्हटलं की ते कसं दाखवायचं हे ठरलेलं असतं. मी पोहोचलो तेव्हा बोटीला नवा रंग लागला होता. काढलेल्या फळ्यांच्या जागी पताका आणि झेंडूची तोरणं, टेकूंभोवती सासूबाईंची ठेवणीतली लुगडी, पुढच्या टोकाला हार. अगं, ती मोडकी दिसायला हवी, असं मी बायकोला म्हणालो, तर पाहुण्यासमोर मोडकी दाखवू का, असं तिने मलाच विचारलं. साहेबांनी बोंबील खाल्ले, फोटो काढले आणि तृप्त होऊन गेले. कंपनीचं उत्तर आलं: बोट उत्तम स्थितीत व वापरात आहे, सबब दुरुस्तीतल्या बोटीची पॉलिसी देता येत नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी इतकी आवडली की स्थळच हातचं गेलं.

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांनी काम थांबवलं आणि बोटीच्या सावलीत नुसते बसून राहू लागले. मला ते बघवत नव्हतं.

मार्ग सापडला तो कोळीवाड्याच्या गणपती मंडळात. मंडळ दरवर्षी मंडप, रोषणाई आणि देखावा यांचा थर्ड पार्टी विमा उतरवतं. यंदा त्यांनी मंडप बोटीलाच धरून घातला आणि काहीही न लपवता एजंटला सगळं सांगितलं. पॉलिसीत स्वच्छ लिहून आलं, 'देखावा: लाकडी नौका, जमिनीवर स्थिर.' समिती खूश झाली. सासऱ्यांना हे सांगण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

"माझी बोट, देखावा?" त्यांनी विचारलं.

फक्त कागदावर, तेही विसर्जनापर्यंत, असं मी चाचरत म्हणालो. मग त्यांनी हातोडी उचलली. पुढे शेवटची फळी बसेपर्यंत कनातीमागे ठोकाठोक चालू राहिली. आरतीपुरती थांबायची आणि प्रसाद वाटून झाला की परत सुरू व्हायची.

गावची रीत अशी की गणपती काठावरून सोडायचा नाही, बोटीने खोल पाण्यात न्यायचा. कुठल्या बोटीने, हे यंदा कुणी विचारलंच नाही. अनंत चतुर्दशीला मूर्ती आणि देखावा एकदमच निघाले. गावाने खांदे लावले, टेकू सुटले आणि भरतीच्या पाण्यात बोट उतरली. जरा कलली, मग सावरली. वल्ह्यांवर चुलत मेहुणे बसले होते, सुकाणूवर सासरे. मी धक्क्यावर होतो, पेव्हर ब्लॉकवर, कोरडा.

त्यांनी मला हाक मारली.

"जावयबापू, तो इमा सपला ना हिचा?"

"संपला, मामा. जमिनीवरून हलली तेव्हाच."

"मंग आता ती बोट हाय. या, बसा."

मला पोहता येत नाही हे त्यांना माहीत होतं. मी चपला काढल्या आणि पाण्यात पाय टाकला.