महिपत आचाऱ्याचा इष्टू

शकूनं जव मागितले तसा धसईच्या बाजारातल्या दुकानदारानं काट्यावरचा हात काढला, आवाज उतरवला आणि विचारलं, "कोण गेलं, मावशी?"

"कोन नाय गेलं. खायला पायजेत."

"जव? खायला? अहो, हे श्राद्धाला लागतात. लोक मूठभर नेतात."

"मग चार मुठी द्या," शकू फणकारली. "नि गावभर सांगत बसू नका."

आता धसईत असं सांगून काही उपयोग असतो का! रिक्षातून उतरून ती घराच्या वाटेला लागली, तर तिची धाकटी जाऊ मालू दारातच उभी. कंबरेवर हात, चेहरा पडलेला.

"बाई, खरं का गो? घरात मानूस आजारी, नि तू जव घेऊन आलीस?"

"तुझ्या भावोजींनीच मागितलेत."

"त्यांनी मागितले म्हनून आनायचे? उद्या काय तिरडी मागतील!"

"मेल्या तोंडाची!" शकू ओरडली आणि पिशवी छातीशी धरून आत गेली. पण मालूवर तरी किती चिडणार? ती जे बोलली तेच शकूच्या मनात रिक्षाभर चाललं होतं.

महिपत म्हणजे शकूचा नवरा. तीस वर्षं तो मुंबईत एका वृद्धाश्रमात आचारी होता. साठ म्हातारे-म्हाताऱ्या, आणि त्यांच्यासाठी दर रविवारी इष्टू, म्हणजे साहेबाचा स्ट्यू. मटण, जव, गाजर, बटाटा, कांदा, थोडे मिरीदाणे, संपलं. मिरची नाही, हळद नाही, भाजलेलं खोबरं नाही. शकूनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. "अवो, मग बकऱ्याचा जीव फुकटच गेला की!" महिपतला राग आला होता. स्वयंपाकावरून त्याला लगेच राग यायचा. "दात नसलेल्या मानसाला जेवायला घालून बघ, मग हस."

गंमत बघा, मुंबईत साठ माणसांना रांधणारा हा गडी घरी आला की चुलीकडं फिरकायचासुद्धा नाही. कुणब्याच्या बाप्यानं चुलीपुढं बसायचं ते लग्नकार्यात, तेही शेदोनशे पानं उठणार असतील तर. एरवी लोक हसतात. तेव्हा होळीला, गणपतीला, भातलावणीला आला की तो ओटीवर बसायचा आणि शकू वाढेल ते खायचा. तिनं त्याच्या हातचा घास कधी खाल्ला नव्हता, आणि खरं तर तिला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

ओटीवर बसून तो आश्रमातल्या गोष्टी सांगायचा. त्यातली एक तो पुन्हापुन्हा सांगायचा. "भात टाकतील, दूध टाकतील, त्याचं काय नाय. पन ज्यानं इष्टूचा वाडगा सरकवला, तो आठ दिवस काढत नाय. डॉक्टरला कळायच्या आधी मला कळतं. चाळीस जनांचं बघितलंय मी."

आता तोच महिपत खाटेवर होता. पोटात गाठ. कल्याणच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं, शिवलं आणि सांगितलं, घरी न्या, हवं ते खाऊ घाला. हवं ते! नऊ दिवस तो कोऱ्या चहावर होता. पेज दिली, सरकवली. नाचणीची आंबील दिली, सरकवली. सुकटीचा वास घेऊन तोंड फिरवलं. आणि गुरुवारी सकाळी आपण होऊन म्हणाला, "शकू, इष्टू कर."

तिला आनंद झाला. माणसानं काहीतरी मागितलं होतं! पण पाणी भरायला घागर उचलली आणि तिथंच परत खाली ठेवली. मागितला खरा, पण सरकवला तर? हे कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. साईनाथला, तिच्या मुलाला, ती फक्त म्हणाली, "रविवारी मटन आन. मानेचं नि नळ्यांचं."

जव पाहून महिपत खवळला. "हे सालासकट आनलंस! हे शिजतात होय?"

"दुकानात हेच होते. शेरातल्यासारखे गुळगुळीत कुठनं आनू?"

तो डोळे मिटून पडला. शकू परसात गेली, कोंबड्या हाकलल्या, उखळ धुतलं. गिरणी आल्यापासून त्यात काही कांडलं नव्हतं. जव ओलसर करून तिनं मुसळ उचललं. भाताचं साल पटकन सुटतं. हे जव मात्र फार चिवट. कांडायचे, सुपात घ्यायचे, पाखडायचे, परत कांडायचे. तिचे खांदे भरून आले. मालू कुंपणापलीकडून बघत होती. बघता बघता ती आत आली, दुसरं मुसळ घेतलं आणि दोघी आळीपाळीनं घाव घालू लागल्या. संध्याकाळपर्यंत चार मुठींच्या तीन मुठी झाल्या. रात्रभर ते पाण्यात राहिले.

रविवारी साईनाथनं मटण आणून दिलं. महिपत म्हणाला, खाट चुलीच्या खोलीत घ्या. दोघांनी धरून खाट आत घेतली. मग सुरू झालं त्याचं राज्य.

"कुकर नको. टोप घे. आधी पानी, मग हाडं. उकळी येऊ दे. आला ना फेस? काढ तो सगळा. सगळा म्हन्लं! आता लाकडं मागं वढ. नुसता बुडबुडा यायला पायजे, खळखळ नको."

शकूचा हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडं गेला. भिंतीकडं तोंड केलेला महिपत तिथूनच म्हणाला, "डब्याला हात लावू नको."

"कसं कळलं तुमाला?"

"झाकन वाजलं."

ती हसली. तोही हसला असावा, कारण खाट हलली. तीन तास टोप चुलीवर होता. जव फुगले, गाजर विरघळायला आलं, मटण हाडावरून सुटलं. घरात असा वास कधी आला नव्हता. नुसत्या मटणाचा, जड आणि गोडसर. त्या तीन तासांत शकूनं किती देवांना नवस बोलले याचा हिशेब नाही. एवढा वाडगा खाऊ दे, मग काय न्यायचं ते माझं ने.

तिनं वाडगा भरला. महिपतला उशीला टेकवून बसवलं. त्यानं वाडगा दोन्ही हातांत धरला, वास घेतला. चमच्यानं एक जव उचलला, बोटांत चिरडून पाहिला आणि मान डोलावली.

त्यानं वाडगा तिच्यापुढं केला.

"बस. खा."

"आधी तुमी."

"तू खा गो."

"मी नाय खानार!" ती एकदम रडायलाच लागली. "दुकानदारानं विचारलं कोन मेलं म्हनून. ते ऐकून घेतलं. खांदे मोडस्तोवर कांडले. तुमच्यासाठी केलंय हे, दोन घास खा. एक खा. माझ्यासाठी खा."

बोलायलाही महिपतला ताकद गोळा करावी लागत होती. "नाय उतरत, शकू. मला ठावं हाय. गुरुवारीच ठावं होतं. मी माझ्यासाठी नव्हता मागितला. कोनाकोनाच्या आयांना भरवला, तुला एकदा नाय वाढला. उठता आलं असतं तर मीच केला असता. खा. थंड झाला तर चरबी धरते."

शकूनं डोळे पुसले आणि चमचा तोंडात घातला. जव मऊ होते, दाताखाली हलकेच फुटत होते. रस्सा घशातून सरळ खाली उतरत होता. खरंच, म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय हवं! ती स्वतः साठीला आली होती, दाढा गेलेल्या. हे तिच्या लक्षातच नव्हतं.

"कसा हाय?"

"मीठ कमी हाय."

"कमी?" तो उशीवरून वर आला. "तीस वर्षांत कोन बोललं नाय! तुझी जीभ मेलीय तिखटानं!" त्याच्या चेहऱ्यावर रक्त आलं. घरी आणल्यापासून पहिल्यांदा तो आधाराशिवाय ताठ बसला होता.

"असंल," ती म्हणाली आणि खात राहिली. तो तिच्या हाताकडं बघत होता. चमचा वाडग्यात गेला की त्याची नजर खाली, तोंडाशी आला की वर. वाडगा संपत आला तशी त्याची मान कलू लागली.

शकूनं दुसरा वाडगा घेतला. तो पुन्हा बसला, पुन्हा बघू लागला. "नळी चोख. मगज सोडू नको." तिनं चोखली. तिचं पोट भरलं होतं, घशाशी आलं होतं, आणि डोळ्यांतलं पाणी वाडग्यात पडत होतं ते पुसायला ती थांबली नाही.

"अजून घेऊ का?" तिनं विचारलं.

"घे," महिपत म्हणाला. "हाय अजून."

तिनं टोप जवळ ओढला आणि तिसरा वाडगा काठोकाठ भरला.