बिटरेट वाढव, पोरी!

अकोल्याच्या जठारपेठेत आमचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीट कव्हर, हॉर्न, लाइट आणि आता डॅशकॅम, म्हणजे गाडीच्या काचेला लावून समोरचा रस्ता आणि आतला आवाज टिपणारा कॅमेरा. फिटिंग आमचे हे करतात, काउंटर आणि तोंड मी चालवते. सीट कव्हर घेऊन गेलेला माणूस सहसा परत येत नाही. डॅशकॅमवाला मात्र व्हिडिओ दाखवायला येतोच! चहा पितो, आमच्या टीव्हीवर आपला रस्ता बघतो आणि जाताना एक किस्सा ठेवून जातो. स्टॉक संपतो, पण हा माल काही संपत नाही.

बहुतेक किश्शांच्या मुळाशी बिटरेट. म्हणजे एका सेकंदाच्या चित्रासाठी कॅमेरा किती माहिती साठवतो ते. कमी ठेवला तर कार्डावर जास्त तास मावतात, पण गाडी पळू लागली की चित्राचा चिखल. जास्त ठेवला तर चित्र स्वच्छ, पण कार्ड लवकर भरतं आणि कॅमेरा जुनं पुसून त्यावर नवं घेऊ लागतो.

*

परतवाड्याचा श्याम. मेळघाटात जीप चालवतो. आमच्या ह्यांनी समजावलं तरी ऐकलं नाही. "भाऊ, सगळ्यात कमी ठेवा. कार्ड भरूच नाई पाह्यजे!"

एक दिवस धापा टाकत दुकानात. "ताई, वाघ! माह्या जीपीसमोरून गेला! टीव्ही लावा!"

लावला. घाट, झाडांचा हिरवा काला, आणि त्यातून एक पिवळट डाग डावीकडून उजवीकडे गेला. दुकानातली सगळी मंडळी बघत होती. शेवटी एक गिऱ्हाईक म्हणालं, "गवताचा भारा उडाला वाटते."

श्याम रडकुंडीला आला. जीप स्टँडवर कोणी वाघाचं खरं मानलं नव्हतं, आधीच लय थट्टा झाली होती बिचाऱ्याची. तिथल्या तिथे बिटरेट फुल करून घेतला.

पुढं कधीतरी भेटला तेव्हा मी विचारलं, "काय रे, वाघ?"

"कायचा वाघ, ताई! रोज गाई येतात. एकेकीच्या पापण्या दिसतात!"

*

आमच्या अमरावतीच्या दादाची तऱ्हा उलटी. त्याला सगळं भारीतलंच लागतं. सहकुटुंब चिखलदऱ्याला निघाला तर बिटरेट सगळ्यात वर, आणि कार्ड मात्र जुनंच, लहान. मी म्हटलं, "दादा, पुसलं जाईल." तो म्हणाला, "तू दुकानदारी करू नको."

परत आल्यावर माझ्या माहेरी सगळे टीव्हीसमोर जमले. आई, काका, शेजारचे, आम्ही दोघं. चिखलदऱ्याचा पत्ता नाही! घाट, दरी, धुकं, सगळं पुसलेलं. उरला होता फक्त शेवटचा तुकडा, अमरावतीत शिरल्यापासून घरापर्यंत. चित्र मात्र असं की दुकानांच्या पाट्या वाचून घ्याव्या. आणि त्यावर वहिनीचा खणखणीत आवाज:

"तुमची अकोल्याची बहीण! दिवाळीले येते अन् माह्या स्वयंपाकात मीठ पाह्यते!"

दादा रिमोट शोधत होता. वहिनी उठून चहा टाकायला गेली. मीही तिच्या मागे गेले आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून पोट धरून हसलो. तेव्हापासून तिच्याकडे मीठ मी चाखत नाही, अळणी असलं तरी!

*

आता दिनकरकाका. बार्शीटाकळीकडचे, झेंडूवाले. मळा घरचा, पिकअप घरची, आणि फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात स्वतः येणार. काका पहिल्यांदा आले तेव्हा बंपर चेपलेला होता, एक लाइट फुटलेला. मुलगा म्हणत होता, बाबा, आता गाडी मी चालवतो. काकांना ते फार लागलं होतं. पिकअप गेली की बाजार गेला, बाजारातली माणसं गेली, मग घरी बसून काय करायचं?

"मी कोनाले धडकत नाई, पोरी. लोकच माह्या अंगावर येतात. कॅमेरा लाव. पोराले दाखवतो न मंग!"

बिटरेट काय ते मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. "काका, हार तेवढाच लांब. पण फुलं विरळ ओवली तर काय दिसते?"

"दोरा!"

"तसंच चित्राचं. बिटरेट म्हणजे फुलं."

"मंग दाट ओव न! फुलायले काय तोटा हाय?"

*

काही दिवसांनी काका हजर. "नंबर वाचता येत नाई समोरच्या गाडीचा. बिटरेट वाढव, पोरी."

ह्यांनी वाढवला. काका पुन्हा आले. "हाये तसंच हाय. फुटून राहिलं चित्र." ह्यांनी शेवटच्या टोकाला नेला. कार्ड नवं टाकलं, कॅमेऱ्याची काच पुसली. काका पुन्हा आले! ह्यांचा पारा चढला. "कॅमेराच बदलून देतो यांले. नाव खराब होऊन राहिलं दुकानाचं."

त्या दिवशी सोबत काकांच्या पत्नी, कमलकाकू होत्या. बाजार आटोपून दोघं पिकअपनं आली होती. काकांनी कार्ड दिलं, मी टीव्हीवर लावलं. भर उन्हातला रस्ता. एक ट्रक काकांच्या पुढे शिरला.

"थांबव! हाच तो, मले दाबत होता. आता सांग, दिसते का नंबर? नाई न?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे. नंबर दिसत होता. ट्रकच्या मागची लिंबू-मिरचीसुद्धा दिसत होती. मी उगाच रिमोट पुसायला घेतला. एरवी माझं तोंड बंद करायला माणूस लागतो.

काकू शाळेतल्या मुलीसारख्या एकेक अक्षर वाचत गेल्या, एमएच तीसपासून शेवटच्या आकड्यापर्यंत. नंबरानंतर खालची बारीक ओळही वाचली, 'आईबाबांची पुण्याई'. आणि मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

"कुठी दिसलं तुले?" काका म्हणाले.

काकूंनी टीव्हीकडे बोट केलं. काका उठले. टीव्हीजवळ गेले, आणखी जवळ गेले, नाक काचेला टेकेपर्यंत. ह्यांनी हळूच पंखा कमी केला, का कोण जाणे.

"काका, मोतीबिंदू असन," मी म्हटलं. "ऑपरेशन केलं की साफ दिसते."

"हो," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून पिकअपची किल्ली काढली आणि काकूंच्या हातात दिली.

"ठेव तुह्यापाशी."

काकू घाबरल्या. "अवो, मले कुठी चालवता येते?"

"मले तरी कुठी येते आता!"